मधल्या पाण्यात होडी का थांबते

माडवलीच्या धक्क्यावरून सुटलेली होडी पलीकडच्या उंबरघाटीला लागायला फार वेळ घेत नाही. पण खाडीच्या मध्यावर आली की ती थांबते. पूर्वी तारी वल्ही पाण्याबाहेर काढून मांडीवर आडवी धरत. आता होडीला मशीन आहे, ते बंद करतात. इतका वेळ चाललेली भटभट एकदम थांबते आणि नवा माणूस दचकतो. कोणी विचारतो, डिझेल संपलं का? कोणी मोबाईल काढून वेळ बघतो. गावची माणसं मात्र गप्प बसतात. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया पदर सावरतात आणि शेजारी जो कोणी बसला असेल त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतात, ओळखीचा असो वा नसो.

हे कशासाठी, असं विचारलं तर तारी म्हणतात, "नाईकाची घडी आहे ही." त्यापुढचं हवं असेल तर धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे जावं लागतं. ते सांगतात ते असं.

माडवलीची भातखाचरं खाडीच्या अगदी काठाला आहेत. खारं पाणी आत शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला आहे. त्या काळी बांधाची राखण अंतोबा नाईकाकडे होती. त्याच्या बापाकडे होती, आज्याकडेही होती. उधाणाच्या भरतीत बांध फुटला तर खाचरात मीठ बसतं, आणि एकदा मीठ बसलेल्या जमिनीत कैक वर्षं भात धरत नाही. म्हणून नाईकाला गावात मान होता. लग्नात पहिला विडा त्याला मिळायचा.

अंतोबाच्या हातून बांध एकदा फुटला. चूक त्याची होती की नव्हती, याबद्दल दोन्ही बाजूंनी सांगतात. पण गावाने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही, विडाही काढून घेतला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं म्हणे. तेव्हापासून हा माणूस घरात असून नसल्यासारखा झाला. जेवायला बसला की फुटलेल्या जागेविषयी बोलायचा, नाहीतर येणाऱ्या उधाणाविषयी. बायको भागी समोर बसून वाढायची. ताटात काय पडलंय ते त्याला हात धुतल्यावर विचारलं तरी सांगता आलं नसतं.

त्यांना एक मुलगी होती, आवडी. लहानपणी बापाच्या मागे मागे बांधावर हिंडायची. चिखलात खेकड्यांची बिळं दाखवायची. मोठी झाली तेव्हा तिला घाटावर दिली, उंबरघाटीहून बैलगाडीने वर जायचं, तिथून पुढे बरंच लांब. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला ती माहेरी आली, राहिली, आणि परत जायचा दिवस आला.

तो दिवस नाईकाला पुढे आयुष्यभर आठवायचा होता, आणि आठवण्यासारखं त्याच्यापाशी जवळजवळ काही नव्हतं.

आवडीला पलीकडे नेऊन सोडायला तो स्वतः निघाला. भागी धक्क्यापर्यंत आली. मायलेकी गळ्यात पडल्या. नाईक म्हणाला, "चला, चला, पाणी उतरायला लागलं तर होडी गाळात बसेल." तारी होता लखू. त्याने होडी ढकलली. भागी धक्क्यावर उभी राहिली आणि होडी निघाली.

कार्तिकी पुनवेचं उधाण तोंडावर आलं होतं. बांधावर माणसं भराव घालत होती. होडीतून नाईकाला ती दिसत होती, आणि ती दगड भलत्याच जागी टाकत होती. तो होडीत उभाच राहिला. तोंडाभोवती हात धरून ओरडायला लागला, "अरे, तिथे नको! खाली घ्या! मागच्या वेळी फुटला तो तिथूनच ना रे!" वारा उलटा होता, त्याचं ओरडणं बांधापर्यंत पोचत नव्हतं. तो आणखी जोरात ओरडला. मग वळून उंबरघाटीच्या किनाऱ्याकडे बघितलं. व्याह्यांची गाडी तिथे उभी होती. मागच्या खेपेला आपल्याला उशीर झाला म्हणून व्याही रुसला होता. आज काय म्हणेल? पुन्हा बांधाकडे वळला.

मध्यावर आल्यावर आवडीने त्याचं उपरणं धरून ओढलं आणि ती काहीतरी म्हणाली.

"हो, हो. करू," नाईक म्हणाला, आणि बांधाकडे बघत राहिला.

ती पुन्हा काही बोलली नाही. होडी लागली. ती पाया पडली. "जा, सांभाळून जा. ते खोळंबलेत," एवढं नाईक बोलला. गाडी सुटायच्या आत तो परत होडीत बसला होता, कारण भराव चुकत होता.

पुढच्या उन्हाळ्यात घाटावर पटकीची साथ आली. निरोप घेऊन माणूस आला तोवर सगळं उरकून गेलं होतं. आवडी गेली होती. तिला अग्नी देऊनही बरेच दिवस झाले होते.

भागीने हंबरडा फोडला नाही म्हणे. ती ओटीवर भिंतीला टेकून बसून राहिली. बायका आल्या, बसल्या, गेल्या. सगळ्या गेल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "होडीत तुमच्याशी काय बोलली हो ती? मी धक्क्यावरून बघत होते. मधल्या पाण्यात तिने तुमचं उपरणं धरलेलं मला दिसलं. काय म्हणाली?"

नाईकाने डोळे मिटले. त्याला उपरणं ओढल्याचं आठवलं. आवाज आठवला, पण शब्द एकही नव्हता. बांधावरचा प्रत्येक माणूस त्याला आठवत होता. कोणाच्या डोक्यावर घमेलं होतं, कोण नुसताच उभा होता, सगळं. मुलीचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं तेसुद्धा आठवेना.

"मला ऐकू आलं नाही" एवढंच म्हणायचं होतं. पण समोर बायको तोंडाकडे बघत होती, आणि त्याची जीभ भलतीकडेच वळली.

"म्हणाली, आयेला सांगा, मी सुखात आहे. माझ्यासाठी डोळ्यांत पाणी काढू नको म्हणावं."

भागीने ते ऐकलं आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

एवढ्यावर ते भागलं असतं. पण भागी पुन्हा पुन्हा विचारायची. हसत म्हणाली का? होय, हसत. आणखी काय म्हणाली? मग नाईक आणखी काही जोडायचा. म्हणाली, दारची अबोली वाळू देऊ नको. म्हणाली, तुझ्या हातच्या घावण्यांची आठवण येते. भागी अबोलीला न चुकता पाणी घालायला लागली. अबोली इतकी फुलली की गावातल्या बाया देवाला वाहायला तिच्याकडून फुलं न्यायच्या. नाईक त्या झाडाच्या बाजूने जायचं टाळायचा. त्याने होडीत पाऊल टाकणंही सोडलं. पलीकडे जायचं काम निघालं तर खाडीला मिळणाऱ्या नदीच्या वरच्या उतारापर्यंत, पाणी पायी ओलांडता येतं तिथवर, चालत जाऊन, सबंध दिवस घालवून, वळसा मारून जायचा. लखूने कधी काही विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी होडीत तिसरा माणूस तो होता, आणि त्याच्या डोळ्याला डोळा द्यायची नाईकाला लाज वाटायची.

त्याहून वाईट पुढेच होतं. गावातली कोणतीही मुलगी सासरी निघाली की तिची आई तिला भागीच्या पाया पडायला आणू लागली. भागी त्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणायची, "आमची आवडी जाताना म्हणाली होती, आये, मी सुखात आहे. तशी तू पण सुखात राहा गो बाय." बाया डोळे पुसायच्या. पुरुषसुद्धा मान खाली घालून उभे राहायचे. आणि नाईक त्यांच्यात उभा राहून आपण रचलेलं वाक्य ऐकायचा. त्याच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. कोणी बघितलं तर त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला लेकीची आठवण झाली.

मग एका वर्षी, शिमग्यानंतर, घाटावरून आवडीची नणंद आली. रखमा तिचं नाव. आवडीची चार लुगडी आणि आरसा-फणी पेटीत पडून होती, ती आईच्या हवाली करावी म्हणून ती भावाच्या मागे लागून आली होती. भागीने तिला पोटाशी धरलं, जेवायला बसवलं. नाईक ओटीवर सुंभ वळत होता. आतलं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

भागी सांगत होती, "जाताना आम्हांला निरोप ठेवून गेली गो. होडीत बापाला म्हणाली, आयेला सांगा, मी सुखात आहे."

रखमा म्हणाली, "असं म्हणाली होती? आम्हांला वहिनी वेगळंच सांगायची."

"काय सांगायची?"

"सांगायची, मधल्या पाण्यात होडी आली ना, तिथून आमचं घर दिसतं आणि तुमच्या गावाकडे चढणारी वाटही दिसते. दोन्ही एकदम दिसतात अशी तेवढीच जागा. म्हणून मी बाबांना म्हटलं, जरा होडी थांबवा ना, घडीभर माझ्याजवळ बसा. ते म्हणाले, हो हो, करू. आणि होडी गेली पुढे!" रखमा हसली. "हसत सांगायची हो. बापाला नावं नाही ठेवायची. म्हणायची, त्यांच्यामागे बांधाची काळजी किती. पुढच्या खेपेला थांबवीन मी त्यांना."

ओटीवर नाईकाच्या हातातला सुंभ उलगडत गेला.  आत रखमाने ताक मागितलं, भागीने दिलं, आणि जेवण पुरं झालं. पाहुणी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. भागी तिला धक्क्यावर सोडून परत आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नव्हतं."

"नाही."

"मग मला सांगितलंत ते?"

"मी रचलं."

"अबोलीचं?"

"तेही."

भागीने ओरडावं, भांडं फेकून मारावं, असं नाईकाला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली. चूल सारवली. बाहेर येऊन म्हणाली, "मला होडीत बसवून मधल्या पाण्यात न्या."

दोघं धक्क्यावर आली. लखूने हात दिला. नवराबायको समोरासमोर बसली. मध्यावर आल्यावर भागीने लखूला खूण केली, आणि लखूने वल्ही उचलली. भरती संपत आली होती, ओहोटी लागायची होती. त्या दोन्हींच्या मध्ये खाडीचं पाणी जरासं थांबतं. ना वर चढत, ना खाली ओढत. होडी तिथे टांगल्यासारखी राहिली. एका बाजूला घराचं कौलारू पाखं दिसत होतं, दुसऱ्या बाजूला घाटाची पांढरी वाट. पोर खरंच बोलली होती. दोन्ही एकदम दिसत होती. जन्म खाडीवर गेला तरी नाईकाने हे कधी बघितलं नव्हतं.

त्याला गप्प बसवेना. "भागी, त्या दिवशी बांधावर ती माणसं—"

"बांध नको," भागी म्हणाली.

तो मग म्हणाला, "आपण पुढच्या वर्षी तिच्या नावाने काहीतरी—"

"तेही नको. नुसते बसा."

तो बसला. मागचं बोलायचं नाही, पुढचं बोलायचं नाही, तर डोळ्यांनी करायचं काय? समोर बायको होती. त्याने तिच्याकडे बघितलं. किती वर्षांनी बघितलं असेल, देव जाणे. केस पांढरे झाले होते. हाताला चुलीचे डाग होते. आणि तिचा डावा डोळा पांढुरका पडला होता, त्यावर साय धरल्यासारखं दिसत होतं. ती त्याच्याकडे बघत होती ती उजव्या डोळ्याने, मान थोडी तिरपी करून. आपली बायको अशी मान तिरपी करून बघते हेसुद्धा त्याला त्या क्षणी कळलं.

"तुझ्या डोळ्याला काय झालं?" त्याने विचारलं.

"दिसत नाही त्याने."

"कधीपासून?"

"आवडी दिवाळसणाला यायची होती, त्याच्याही आधीपासून."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं," भागी म्हणाली.

नाईकाने तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं. मुलीचा शब्द गेला तो वाऱ्यामुळे, उधाणामुळे, असं मनातल्या मनात तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. ते खरं नव्हतं. काठावरून बघणाऱ्यांना दिसत होतं ते एवढंच, की नाईक होडीत वाकून बसलाय.

इथे म्हातारे जाळ्यावरचा हात थांबवतात. ते सांगतात, त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं. ओहोटी लागायची वेळ टळून गेली तरी खाडी हलली नाही. पाण्यावर तरंगणारे जाळ्यांचे तरंडे जागच्या जागी राहिले. दोन्ही काठांवरची माणसं बाहेर येऊन बघायला लागली. नाईकाने तोंडावरचे हात काढले, पुढे सरकून भागीच्या पदराने तिचा तो डोळा पुसला, तेव्हा कुठे पाणी खाली ओढायला लागलं. खरं-खोटं लखू जाणे. पण लखूच्या घरचे आजही असंच सांगतात.

ही गोष्ट त्या तिघांतच राहिली असती. गावाला कळलं ते त्याच वर्षी, चंद्री सासरी निघाली तेव्हा. चंद्रीच्या बापाचं नाव धाकू, मासे सुकवायचा धंदा, माणूस घाईगर्दीचा. धक्क्यावर सगळं गाव जमलेलं. आईने चंद्रीला भागीच्या पाया पडायला लावलं. बाया म्हणाल्या, "सांगा ना, आवडीचे शब्द सांगा."

भागीने चंद्रीच्या तोंडावरून हात फिरवला. मान तिरपी करून तिने नवऱ्याकडे बघितलं.

नाईक पुढे आला. ज्याला गाव पहिला विडा देई तो माणूस, त्याच धक्क्यावर, सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याची पगडी हातात होती. डोक्यावर ठेवायला धजावला नाही म्हणे.

"आवडी तसं काही म्हणाली नव्हती," तो म्हणाला. "ते माझं खोटं. ती काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही. ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी बांधाकडे बघत होतो."

कोणी त्याला "जाऊ दे नाईक" म्हटलं नाही. कोणी छी-थूही केली नाही. धक्क्यावरचे पुरुष आपापल्या पायांकडे बघायला लागले. बायांनी आपापल्या पुरुषांकडे बघितलं. नाईकाने धाकूचा दंड धरला.

"धाकू, मधल्या पाण्यात होडी थांबव. घाई असली तरी थांबव. पोरीकडे बघ. ती काही म्हणाली तर ऐक. आणि नाही म्हणाली तर तू विचार."

"मुहूर्ताची वेळ टळते हो नाईक," धाकू पुटपुटला आणि होडीत चढला. लखूने वल्ही मारली. होडी निघाली, लहान होत गेली. गाव उभंच होतं. धाकू थांबणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. आणि मध्यावर होडी थांबलेली दिसली.

तिथे काय बोलणं झालं ते कोणाला माहीत नाही. धाकू एकटा परत आला, धक्क्यावर चढला, आणि नाईकाच्या शेजारी येऊन बसला.

त्यानंतर नाईक बरीच वर्षं जगला. बांधाची राखण त्याने सोडली नाही, पण विडा मात्र पुन्हा घेतला नाही. भागीचा दुसरा डोळाही पुढे गेला. तेव्हा तो तिला हाताला धरून धक्क्यावर आणून बसवायचा आणि कोण आलं, कोण गेलं, पाण्याचा रंग आज कसा आहे, ते सगळं सांगायचा. एखादं सांगताना चुकला तर ती ओळखायची, म्हणे. तिने त्याला माफ केलं का, असं पाहुणे हमखास विचारतात. म्हातारे सांगतात, ते आमच्यापर्यंत आलेलं नाही.

पुढे प्रत्येक खेपेलाच होडी मधल्या पाण्यात थांबायला लागली. आजही माडवलीची मुलगी सासरी निघाली असली की तारी मशीन बंद करतो आणि पाठ फिरवून बसतो. मग बाप मुलीला विचारतो, "काय म्हणालीस गो बाय?" तिने तोंड उघडलेलं नसलं तरी विचारतो, तशी रीत आहे. बहुतेक मुली म्हणतात, "काही नाही, बाबा." बाप तेवढंच ऐकतो. ऐकलं म्हणून मान हलवतो. त्यानंतरच होडी पुढे निघते.